कपाशीच्या कप्प्यातला कागद

"टिंग टिंग! चाल वं कपाशे, गाव जागं व्हायच्या आत!"

हा आवाज मी शेवटचा ऐकला त्याला दोन वर्षं होऊन गेली. तरी सकाळी कोंबडा आरवला की माझ्या पत्र्याला तो आठवतो. आवाज कवडूजींचा. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. कंडक्टरनं घंटा दोनदा वाजवल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून उठत नसे. नोकरी संपली, कंडक्टर गेला, घंटेची दोरी गेली. सवय मात्र जाते कुठं? म्हणून ते बोटाच्या पेरानं माझ्या डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायचे, तोंडानं टिंग टिंग म्हणायचे, आणि मगच मला हलवायचे.

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. अल्लीपुरात, कवडूजींच्या बैलांच्या रिकाम्या कोठ्यात उभी असते. वेचणीला आलेल्या कापसासारखा माझा रंग, म्हणून त्यांनी मला कपाशी म्हटलं. आता त्या रंगावर कोंबड्यांनी काय काय सांडलं आहे ते न सांगितलेलं बरं.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथली गोष्ट मला फारशी आठवत नाही. ठोकाठोक आठवते, ठिणग्या आठवतात, आणि अंगावर रंगाचा पहिला गार फवारा आठवतो. वर्ध्याच्या एका साहेबांनी मला आणलं, चार वर्षं वापरलं, आणि मोठी गाडी आली तशी मला विकायला काढलं. तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले कवडूजी आले. बाकीची गिऱ्हाइकं माझे टायर लाथाडून बघत; ह्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि कान लावून इंजिन ऐकलं. "आवाज गोड हाय. खोटं नाई बोलत हे," असं म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

कवडूजींना एसटीनं विनाअपघात सेवेचा बिल्ला दिला होता. पितळेचा, रुपयाएवढा. तो त्यांनी लाल दोऱ्यात ओवून माझ्या आरशाला बांधला. वळणावर तो हलायचा आणि काचेला लागून किणकिणायचा. मला वाटायचं, मी मोटार नाही, पैंजण घातलेली नवरी आहे.

काय दिवस होते ते! गावातल्या किती बाळंतिणी मी हिंगणघाटला नेल्या, आणि येताना मांडीवरची बाळं घेऊन किती हळू आले! दर वर्षी दसऱ्याला निळा झेंडा लावून आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. मागच्या सीटवर तिघींच्या जागी पाच बाया, डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. कवडूजींची बायको जिजाबाई पुढं बसायची आणि गाणं धरायची. लोक म्हणायचे, "कवडूजीच्या गाडीत पाण्याचा गिलास ठेवा, थेंब सांडाचा नाई."

मग तो दिवस आला.

कवडूजी एकटेच मला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. घरी सांगितलं, ऑइल बदलायला जातो. परत येताना ते गाणं म्हणाले नाहीत. दवाखान्याचा कागद त्यांनी माझ्या कप्प्यात, जुन्या कागदांच्या बाडात खोल खुपसला. गावात शिरलो. आपलं फाटक आलं. ते वळले आणि माझी उजवी कूस फाटकाच्या सिमेंटच्या खांबावर घासत गेली, पार पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत.

जिजाबाई धावत आली. शेजारीपाजारी जमले.

"कुत्रं आडवं आलं," कवडूजी म्हणाले.

मित्रांनो, मी तिथंच होते. माझे दोन्ही दिवे समोर बघत होते. पण लोखंडाला साक्ष देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोठ्यात घातलं आणि दाराला साखळी लावली. फाल्गुनात माझा विमा संपला. दर वर्षी आठ दिवस आधी भरणारा माणूस, त्यानं या वेळी भरलाच नाही. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नसते, असा कायदा आहे. आणि तो कायदा त्यांना साखळीपेक्षाही पक्का वाटला असावा.

मी कोंडली गेले. आधी बॅटरी विझली. मग टायरांतली हवा एखाद्या म्हाताऱ्याच्या गालांसारखी बसत गेली. उंदरांनी सीटचा फोम नेला. एका कोंबडीनं मागच्या सीटवर अंडी उबवली. तेवढाच काय तो माझ्यातला प्रवास. पत्र्याच्या फटीतून मला अंगणाची एक उभी चिरी दिसायची, तेवढं माझं जग. त्या चिरीतून मी कवडूजींना बघायची. जिजाबाई त्यांचं ताट वाढताना भाजी नेहमी डाव्या अंगाला ठेवायला लागली होती. कधी काही बोलली नाही. सूप घेऊन डाळ पाखडायला बसली की मात्र गुणगुणायची,

"दारातली कपाशी, बाई चाकानं रुतली,
धन्याच्या मनामंधी कोनती गोष्ट गुतली?"

कवडूजी ऐकायचे, आणि उठून भिंत धरत आत जायचे.

घरात तिसरं माणूस म्हणजे भावना, त्यांची सून. मुलगा रुपेश बुटीबोरीला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतो. त्याच्याकडे लायसन आहे ते मोटारसायकलचं. भावना हिंगणघाटच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. यंदा पोळा झाला आणि तिथल्या मॅडमनी सांगितलं, दिवाळीनंतर लॅब सकाळी साडेसहाला उघडणार. गावातून पहिली बस निघते सव्वासातला. "येणं जमत असेल तर कळव, नाही तर दुसरी मुलगी बघते."

पहाटे त्या रस्त्याला रानडुकरं असतात. दुचाकीवरची दोन माणसं गेल्या साली तिथंच पडली. म्हणून भावनानं मोटारीचं शिकाऊ लायसन काढलं. रविवारी क्लासच्या गाडीत फेऱ्या मारल्या. पण हात बसायला घरची गाडी लागते, आणि दिवाळीच्या आत पक्कं लायसन हातात पडलं तरच नोकरी राहणार होती. एका संध्याकाळी तिनं कोठ्याच्या फटीला डोळा लावला. बाहेरून ती बघत होती, आतून मी. इतक्या जवळून मला कुणी बघून किती दिवस झाले होते!

"मामाजी, कपाशी काढू का जी बाहेर?"

"विमा नाई तिचा," कवडूजी म्हणाले.

"मंग काढू ना."

"शिकणाऱ्याले कोण देते वं विमा? अन् देला तरी गळा कापतेत."

भावना गप्प बसणारी नव्हती. शिकाऊ लायसन दाखवून तिनं हिंगणघाटात एका एजंटला विचारलं. त्यानं रस्त्यावरची मदत, चावी हरवली तर चावी, इंजिनात पाणी गेलं तर इंजिन, असं सगळं जोडून चौदा हजार सांगितले. शिकाऊ असल्याचे जास्तीचे, म्हणे. ती घरी आली तेव्हा कवडूजींचा चेहरा मी चिरीतून पाहिला. मित्रांनो, महाग सांगितल्यावर एवढा सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"म्हणलं नव्हतं? गाडीचीच किंमत उरली नाई तेवढी. सोड तो नाद."

पण तिनं सोडला नाही. दुसऱ्याकडे विचारलं, आकडा आठ हजारांवर आला. कवडूजी म्हणाले, टायर गेले हायेत. तिनं पगारातून जुने पण बरे टायर आणून अंगणात ठेवले. ते म्हणाले, बॅटरी. तिनं बॅटरीही आणून ठेवली. जसजसा विमा स्वस्त होत गेला तसतसं त्यांचं बोलणं कडू होत गेलं.

"बाईमाणसानं अंधारात गाडी नेणं बरं दिसते का?"

"तुमीच तर सांगत होते, एसटीत बाया कंडक्टर झाल्या तवा पयले पेढे तुमी वाटले म्हणून!" भावना म्हणाली.

जिजाबाई सुपामागून हसली. "आता नवीन कारण शोधा जी. हे तं फाटलं."

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी भावनानं अंकितला बोलावलं. अंकित म्हणजे चौकात ऑनलाइन सेवा केंद्र चालवणारा गावचाच तरुण. त्याच्यासमोर कवडूजींना साखळी काढावी लागली. दार उघडलं, आणि दोन वर्षांनी माझ्या काचेवर अख्खं ऊन पडलं. कोंबड्या ओरडत पळाल्या. मला वाटलं, आता मीही धावणार.

अंकितनं मला चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि हसला.

"वहिनी, तुमाले त्यानं भेव दाखोलं. विमा माणसाचा नाई, गाडीचा निघते. चालवणारा शिकाऊ हाय म्हणून जास्त पैसे काऊन? एवढ्या जुन्या गाडीले दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा काढा, तेवढा कायद्यानं लागतेच. त्याचा भाव सरकारनं ठरवला हाय, कोणत्याही कंपनीत सारखा. अडीच हजाराच्या आत काम होते. आपली गाडी ठोकली तं खर्च आपला, एवढं ध्यानात ठेवजा."

भावनाचे डोळे चमकले. "मंग मी चालवू शकते ना?"

"हो ना. समोर-मांग लाल 'एल' लावा. अन् बाजूले पक्कं लायसनवाला माणूस पाहिजेच. तो नसला अन् काई झालं, तं कंपनी हात वर करते. मी पण बसलो असतो, माह्यं लायसन हाय. पण घरी कवडूजीसारखा उस्ताद असताना मी कोण? जी, तुमचं लायसन चालू हाय ना?"

कवडूजी माझ्या छपरावरची धूळ तळहातानं पुसायला लागले. लायसन संपून दीड वर्ष झालं होतं. नवं करायला डॉक्टरची सही लागते, आणि डॉक्टरनं काय लिहिलं होतं ते माझ्याच पोटात होतं.

"पहिल्या विम्याचा नंबर द्या फक्त," अंकित मोबाईल काढत म्हणाला. "जुना कागद असन ना कुठी?"

"कप्प्यात असन," भावना म्हणाली.

कप्प्याची कडी गंजली होती. तिनं ओढली, मी धरून ठेवली. खरं सांगते, त्या क्षणी मला उघडावंसंही वाटत होतं आणि मिटूनही राहावंसं वाटत होतं. दोन वर्षं त्या माणसाची लाज मी सांभाळली होती. पण ती सांभाळता सांभाळता मी गंजले, पोरीची वाट अडली, आणि तो स्वतः तर माझ्याहून अंधाऱ्या कोठ्यात जाऊन बसला. तिसऱ्या झटक्याला कडी निघाली.

भावनानं कागदांचं बाड काढलं आणि आदरानं त्यांच्याच हातात दिलं.

"मामाजी, तुमीच पाहा यातला कोणता. तुमाले ठाऊक."

कवडूजींनी बाड डोळ्यांजवळ नेलं. एकेक कागद उलटला. मान हलवली, जणू वाचत होते. मग अगदी ठामपणे, डेपोत फेरीचा कागद द्यावा तसा, त्यातला एक कागद काढून तिच्या हाती ठेवला.

"हा घे. हाच."

तो दवाखान्याचा कागद होता.

भावनानं तो वाचला. वर इंग्रजीत बरंच काही, आणि खाली लाल शाईत मराठीत दोन ओळी. काचबिंदू. उजवी नजर गेली, डावी अधू. वाहन चालवू नये. तिनं तारीख पाहिली. मग माझ्या उजव्या कुशीवरच्या ओरखड्याकडं पाहिलं.

मित्रांनो, इथं जरा थांबते. माझ्यासारख्या गाडीची निगा कशी राखायची ते तुम्हाला कुणीही सांगेल. हवा बघा, पाणी बघा, विमा संपायच्या आत भरा. पण ज्या माणसानं तुम्हाला आयुष्यभर खिडकीजवळ बसवून नेलं, तो एखाद्या दिवशी साध्या गोष्टीला उगाच नाही म्हणायला लागला, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघा. त्याला काय दिसतं ते विचारा. जिजाबाईनं ताट फिरवलं, तेही प्रेमच होतं. पण विचारलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. आणि आम्ही मुक्या वस्तू, आम्ही तर विचारूही शकत नाही.

"सापडला का नंबर, वहिनी?" अंकितनं विचारलं.

"नाई, हा जुना हाय," भावना शांतपणे म्हणाली. कागदाची घडी तिनं जशीच्या तशी घातली आणि सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. "मामाजी, हा राहू द्या तुमच्यापाशी. दुसरा मी पाहते."

कवडूजींचा अंगठा त्या घडीवरून फिरला. विम्याचा कागद लांब आणि गुळगुळीत असतो. ह्या कागदाच्या कोपऱ्याला एक पिन होती, दवाखान्याचं कार्ड अडकवलेली. अंगठा पिनेवर आला आणि थांबला.

तिनं वाचलं होतं. वाचून झाकलं होतं. हे त्यांना कळलं.

दारात जिजाबाईच्या हातातलं सूप थांबलं. अंकितनं मोबाईल खिशात घातला. कवडूजी माझ्या कुशीला हात लावत लावत चालले, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, ओरखडा जिथं संपतो तिथवर. मग चाचपडत माझं मागचं दार उघडलं, कोंबडीच्या गवतावरच बसले, आणि पुढच्या रिकाम्या सीटवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. टिंग टिंग मात्र तोंडातून निघालं नाही. दुसरंच निघालं.

"विमा कधीच महाग नव्हता, पोरी. अंकितले बाजूले बसव अन् शीक. त्या दिवशी कुत्रं आडवं आलंच नव्हतं. फाटक होतं. तीस वर्षं गाडी चालोली मी, अन् मले माह्यं सोताचं फाटक दिसलं नाई."