कोऱ्या कार्डाचा दिवस

बाबांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष उन्हाच्या नोंदींतून काढून टाकणार, असं मी काम करते त्या हवामान कार्यालयाच्या साहेबांनी मला सोमवारी सकाळी सांगितलं. आठ वर्षांपूर्वी हवामान केंद्रातलं उन्हाची तीव्रता मोजणारं यंत्र तेवीस दिवस बंद पडलं होतं. ते दिवस शुक्रवारपर्यंत खात्रीने भरून दे, नाहीतर वर्ष रद्द. बाबा त्या केंद्रात एकतीस वर्षं निरीक्षक होते, एक दिवस दांडी नाही.

मी संगणकावरच्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे नमुने पाहून शिकणाऱ्या प्रणालीला, उरलेल्या वर्षाचं तापमान, आर्द्रता आणि ऊन दाखवून दाखवून शिकवलं आणि त्या तेवीस दिवसांच्या तापमान-आर्द्रतेवरून उन्हाचा अंदाज काढून घेतला. पण तो खरा कशावरून? तेव्हा बाबांनी कपाटावरचा बिस्किटांचा डबा खाली काढला. केंद्रात एक काचेचा गोळा असायचा. ऊन पडलं की तो खाली रोज नव्याने घातलेल्या कार्डावर जळकी रेघ ओढायचा. रद्दीत निघालेली ती कार्डं बाबांनी घरी आणली होती. आईच्या लेखी ती निव्वळ अडगळ.

बावीस दिवस रेघ आणि अंदाज छान जुळले. एका दिवशी मात्र नेटवर्क म्हणे कडक ऊन, आणि कार्ड कोरं करकरीत. पुन्हा करून पाहिलं, तेच. आता साहेबांपुढे कुठल्या तोंडाने जाणार, असं मी बाबांना म्हटलं.

बाबांनी चष्मा पुसला आणि ते कोरं कार्ड हातात घेतलं.

"तुझा अंदाज बरोबर आहे. त्या दिवशी मी गोळ्यावरचं रात्रीचं झाकण काढलंच नाही."

त्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं. बाबांनी सकाळी केंद्रावर जाऊन घाईघाईत कार्ड घातलं आणि दवाखाना गाठला. संध्याकाळी चूक कळली, पण सांगायची छाती झाली नाही. मला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं. बाबांना काही हसू येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टरात स्वतःच्या हाताने शेरा लिहिला, खाली ठसठशीत सही केली. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि वर्ष राहू द्या म्हणाले. परतताना बाबा रस्ताभर शीळ घालत होते.

घरी आई शेंगा सोलत होती. आमची हकिगत ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हणजे त्या दिवशी ऊन होतं? मी रात्री शुद्धीवर आल्यावर तुम्ही तर म्हणालात, दिवसभर आभाळ होतं."

बाबा कार्डं डब्यात भरू लागले.

"एकतीस वर्षांत एकदा झाकण विसरलात, तेही माझ्या काळजीने," आई म्हणाली. "हे मला आधी नाही का सांगायचं?"