पांढरीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि मला आमच्या घरातल्या पांढऱ्या गाडीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. अंगावर खाकी रंग, पोटात डिझेलवर चालणारं दणकट इंजिन आणि चारही चाकांना ओढ. पहिली काही वर्षं मी लातूरला एका सरकारी कचेरीत नोकरी केली. शिरूर अनंतपाळकडच्या पाझर तलावांवर साहेबांना नेणं हे माझं काम. पुढे माझा लिलाव झाला आणि मी कंधारला चंद्रप्रभाबाईंच्या दारात आले.

बाई शाळेत शिकवायच्या. त्यांची शाळा डोंगरातल्या एका तांड्यावर होती. तिथे एसटी जात नसे आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात मोटारसायकलही रुतून बसे. म्हणून बाईंनी मला घेतलं आणि चक्क स्वतः चालवायला शिकल्या. साडीचा पदर खोचून त्या माझा गिअर टाकायच्या, तेव्हा बसस्टँडवरची माणसं बोलणं थांबवून बघत राहायची. ओढ्याला पाणी असलं तरी मी परीक्षेचे पेपर आणि खिचडीचा तांदूळ कोरडा नेऊन पोचवला आहे. एकदा शाळेच्या गॅदरिंगमध्ये सरपंचांनी बाईंचा सत्कार केला आणि उरलेला हार माझ्या आरशाला घातला. तो हार वाळून गळेपर्यंत मी मिरवला.

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचा मुलगा आलोक, जो नांदेडला बँकेत आहे, त्याने आईसाठी पांढरी आणली. पेट्रोलवर चालणारी, थंड हवेची, मागे घेताना पी पी वाजणारी. माझ्या नशिबी सवत आली!

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. हिचे संपेचनात. बाई तिला मऊ फडक्याने पुसायच्या. मला मात्र शेतातल्या फेऱ्यांना लावलं. तिच्यात सोयाबीनचं पोतं ठेवायला बंदी, आणि माझ्यात शेणखतसुद्धा चालायचं. ती दाराशी उभी राहिली की माझा नुसता जळफळाट व्हायचा. सगळ्यांत जास्त सलायचं ते तिचं तेल. आलोक नांदेडहून तिच्यासाठी चकचकीत डब्यातलं तेल आणायचा. मधासारखा रंग आणि पाण्यासारखी सुळसुळीत धार. माझं तेल घट्ट आणि साधं, कंधारच्या दुकानातलं. वाटायचं, एकदा तरी आपल्या पोटात ते तेल पडावं.

आमच्या घरात दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी प्रत्येक यंत्राला नवं तेल पाजायचं आणि मग झेंडूची माळ घालायची, ही बाईंची रीत. गेल्या दसऱ्याला आलोक पांढरीसाठी तेल आणायला निघाला, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे बघ, आलोक, दोघींना एकच आण. माझ्या घरात पंक्तिप्रपंच चालायचा नाही. एकीला तूप अन् एकीला तेल, असं मी माणसांत केलं नाही, गाड्यांत कशाला करू?"

"आई, लई महाग हाय ते," आलोक म्हणाला.

"मग चांगलंच असणार की. तिनं माझ्यासाठी काय कमी केलंय का?"

मित्रांनो, त्या वाक्याने मी हरखून गेले. पांढरीच्या देखत माझं जुनं तेल काढलं गेलं आणि तिचंच तेल माझ्या पोटात ओतलं गेलं. मी तिच्याकडे बघून घेतलं. आता बोल!

पण ते तेल तिच्या नव्या, घट्ट बसवलेल्या पेट्रोल इंजिनासाठी केलेलं होतं. माझं इंजिन वर्षानुवर्षं घासून सैल झालेलं. त्या सैल जागांत घट्ट तेलाचा थर टिकतो, पातळ तेल गरम झालं की निसटून जातं. त्यात दसऱ्यानंतरचं ऊन आणि सोयाबीनच्या पोत्यांच्या फेऱ्या. माझ्या जुन्या सीलमधून तेल गळू लागलं. मागून निळा धूर निघू लागला. तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली आला आणि पोटात ठकठक सुरू झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेतातून येताना सुट्टीवर आलेल्या आलोकने चढावर मला बंद केलं. ट्रॅक्टरने ओढून घरी आणलं. "इंजिन गेलं, आई. वय झालं तिचं," तो म्हणाला. "ऐतवारी भंगारवाल्याला बोलवतो. एवढं भारी तेल घालून बी हे हाल, आता काय करावं?"

बाई पदर सावरत आत गेल्या. मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी होते आणि बाजूला पांढरी, धुतलेली. आपण भंगारात जाणार याचं दुःख होतंच, पण आपण गेल्यावर ही एकटीच बाईंची होणार, हे दुःख त्याहून मोठं होतं.

रविवार आला. दुपारी घरात पंगत बसली होती. ज्वारीची भाकरी, वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बाईंचे यजमान हणमंतराव यांना पोटात अल्सर, म्हणून त्यांच्या ताटात वरणात कुस्करलेली भाकरी होती. त्यांनी आलोकच्या ताटात बघितलं आणि त्यांचा पारा चढला. मला खिडकीतून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

"चंद्रा, ह्या घरात पंक्तिप्रपंच नसतो ना? मग माझ्या ताटात ठेचा कुठाय?"

"अहो, तुमच्या पोटाला सोसतो का तो? मागच्या बारी दवाखान्यात न्यावं लागलं. पंगत एक असली म्हणून काय झालं, ज्याच्या पोटाला जे..."

बाईंचं बोलणं तिथेच थांबलं. मग भांडं आपटल्याचा आवाज आला आणि बाई तशाच उष्ट्या हातानं बाहेर आल्या. नळावर हात धुतले. माझं बॉनेट उघडलं, तेल मोजायची काडी ओढली आणि टोकावरचा थेंब दोन बोटांत चोळून बघितला.

"आलोक! अरे, हे तेल हाय का पाणी?"

आलोक भाकरी हातात घेऊनच धावत आला.

"ह्या दसऱ्यापर्यंत हिला जे तेल घातलं, ते मीच घेऊन येत होते," बाई म्हणाल्या. मग त्या तुळशीकडे गेल्या. तिथे माझ्या तेलाच्या जुन्या डब्यात कोरफड लावलेली आहे. बाईंनी डब्यावरची माती पुसली आणि तेलाच्या घट्टपणाचा आकडा मोठ्याने वाचला, "वीस डब्ल्यू चाळीस. डिझेल इंजिनासाठी. जा, हे घेऊन ये. चूक तुझी न्हाई, माझी हाय. मी हिला पांढरीच्या ताटातलं वाढलं."

आलोक तेल घेऊन परत आला, त्याच वेळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात थांबला. बाईंनी त्याला चहा दिला आणि थांबायला सांगितलं. पातळ तेल काढलं, फिल्टर बदलला, घट्ट तेल ओतलं. ते खाली उतरताना मला जाणवत होतं, गारठलेल्या अंगाला घोंगडी मिळावी तसं. बाई सीटवर बसल्या. मला भीती वाटत होती. किल्ली फिरली, मी खोकले, धूर सोडला आणि सुरू झाले. काटा हळूहळू वर चढला.

"काटा चढला, पण ठकठक हायच की, आई," आलोक म्हणाला.

खरं होतं ते. पातळ तेलाने माझी बेअरिंगं थोडी खाल्ली होती, आणि खाल्लेलं परत येत नाही.

"राहू दे. माझे गुडघे वाजत नाहीत का?" बाई म्हणाल्या. "मला बी दे मग टेम्पोत."

भंगारवाला हसत हसत निघून गेला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला नवं आणि महाग देऊन प्रेम दाखवू नका. त्याचं इंजिन कोणतं, वय किती, ऊन किती खातं, ओझं किती ओढतं, हे बघा आणि मगच तेल निवडा. गाडीसोबत आलेली पुस्तिका वाचा, आणि ती नसली तर जाणत्याला विचारा. न विचारता वाढलेलं प्रेम पोटाला बाधतं.

एवढं कळूनही माझा हेवा गेलेला नाही. पांढरी अजून नांदेडच्या रस्त्याला बाईंना घेऊन जाते आणि मी दारात कुढत बसते. पण तिचं तेल कमी झालं की तिच्यात आपोआप दिवा लागतो, म्हणून तिच्या काडीला कुणी हात लावत नाही. माझ्यात तसला दिवा नाही. म्हणून दर रविवारी बाई येतात, चष्मा लावतात, काडी ओढतात आणि माझं तेल बोटांत चोळून बघतात. तेवढा वेळ पांढरी शेजारी नुसती उभी असते. तेव्हा तिला काय वाटतं कोण जाणे. जळत असेल, तर बरंच आहे.