तीन म्हणायच्या आधी

आमच्या ह्यांचा आवाज मी आधी ऐकला आणि चेहरा नंतर पाहिला. मी तेव्हा वीजबिलांच्या कचेरीत प्रोग्राम लिहायचे. आमच्या खिडकीखाली फळबाजार होता आणि रोज सकाळी तिथून एक आवाज वर यायचा, "एक... दोन..." आणि पुढे काहीच नाही. ते 'तीन' येईपर्यंत आमच्या खोलीतल्या मुलीसुद्धा हातातलं काम थांबवून बसायच्या. खाली व्यापाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा आणि तेवढ्यात कोणीतरी हटकून भाव वाढवायचा. हे लिलाव पुकारायचे. लग्नानंतर मी एकदा विचारलं, "तीन म्हणायला एवढा वेळ का लावता हो?" तर म्हणाले, "अगं, फळं व्यापारी विकतात. मी ती गप्प राहायची जागा विकतो."

गेल्या वर्षी ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, अशा माणसांसाठी बोलक्या डब्या बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. त्या डबीतला प्रोग्राम तीच लिहिते. चाळिशीला टेकली तरी घरात सगळे तिला चिमणीच म्हणतात. तिने ह्यांना एक डबी आणून दिली. पंजात मावेल एवढी. अक्षरांच्या बटणांवर वाक्य लिहायचं आणि कडेचं हिरवं बटण दाबायचं, की डबी बोलते. आवाज ह्यांच्यासारखा नव्हता, पण ऐकवत होता.

अडचण एकच होती. हिरवं बटण दाबल्यावर डबी जराशी विचारात पडायची. एक श्वास घ्यावा आणि सोडावा, इतकाच वेळ. पाणी मागायला, दार लावायला सांगायला तेवढ्याने काही बिघडत नाही. पण ह्यांनी जन्मभर बोलण्यात पाणी कमी मागितलं आणि टोमणे जास्त मारले.

मग एका संध्याकाळी डाळिंब्या घरी आला. हा ह्यांचा बाजारातला जुना दोस्त, डाळिंबांचा व्यापारी, आणि राग आला की चेहराही त्याच रंगाचा. आल्या आल्या फुशारकी सुरू. "वजन उतरवलंय मी! डॉक्टर बघतच राहिला." ह्यांची बोटं लगेच चालू झाली. डोळ्यांतली चमक पाहून मी ओळखलं, काहीतरी झणझणीत येतंय. हिरवं बटण दाबलं. डबी विचारात पडली. तेवढ्यात डाळिंब्याचा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, "अरे हो, सांगायचं राहिलंच. आपला वजनकाट्यावरचा तोलाईवाला गेला रे काल."

आणि डबी खणखणीत आवाजात म्हणाली, "बरं झालं. तेवढाच पृथ्वीचा भार कमी."

डाळिंब्याचा चेहरा डाळिंबाच्या रंगाचा झाला. हे घाईघाईने खुलासा लिहायला लागले, पण तोही उशिरा आला, आणि उशिरा आलेला खुलासा खोटाच वाटतो. डाळिंब्या चहा अर्धा टाकून गेला.

त्या दिवसापासून डबी स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात गेली. रविवारी बाजाराच्या फाटकापाशी चहाच्या टपरीवर म्हातारे दोस्त जमत, तिथे जाणंही ह्यांनी सोडलं. काही विचारलं तर मान हलवायचे. उभी किंवा आडवी. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना 'आता पुरे' किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही, आणि आता पुरे झालं तर घर खायला उठायला लागलं.

मी भाचीला फोन केला. "चिमणे, तुझी डबी आळशी आहे. आणि तिच्यापायी तुझ्या काकांनी बोलणं टाकलंय. असंच चाललं तर कायमचं टाकतील."

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं घेऊन हजर झाली. जेवणाचं टेबल तिने व्यापलं. हे वर्तमानपत्राआड.

"मावशी, चिप बारकी आहे ना, म्हणून आम्ही कंपायलरला सांगून ठेवलंय की प्रोग्राम आटोपशीर ठेव. आता सेटिंग बदलते. आटोपशीरपणा गेला चुलीत, वेग वाढव."

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा. आमच्या वेळीही होता, पण सांगकाम्या. आताचा म्हणे स्वतःच्या डोक्याने पुष्कळ काही ठरवतो. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. जुन्या कामाचा वास आला की मला अजून राहवत नाही.

"काय काय ठरवतो तो?"

"हे बघ. अक्षराचा उच्चार शोधायचं काम एका जागी लिहिलंय, एक फंक्शन. ज्याला गरज लागेल त्याने त्याला हाक मारायची, तिथे जायचं, काम करून परत यायचं. या जाण्यायेण्यात वेळ जातो. मग कंपायलर काय करतो, की ते आख्खं काम उचलून हाक मारणाऱ्याच्या दारातच उतरवून ठेवतो. हाक नको, खेप नको. त्याला इनलाइन करणं म्हणतात."

"अगं, हे तर आम्ही हाताने करायचो!"

खरंच करायचो. आमच्या खात्याच्या प्रमुख, त्यांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत, त्या खोलीएवढ्या यंत्रासमोर, त्याच्यासाठी लावलेल्या एसीच्या गारठ्यात, स्वेटर घालून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मुलींनो, चिमूटभर मिठासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ नका." मीटरचा आकडा तपासायच्या चार ओळी आम्ही प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहायचो. बिलं भराभर निघायची. मग त्या चार ओळींत चूक सापडली, की ती प्रत्येक ठिकाणी जाऊन दुरुस्त करायची, आणि एक जागा नेमकी राहून जायची. आता हे यंत्र आपल्या मनाने करतं म्हटल्यावर मला त्याचा हेवाच वाटला.

"पण किती मोठं काम उतरवून ठेवायचं, हे त्याला कोण सांगतं?"

"आपण. त्याची मर्यादा घालून देतो. एवढ्या आकारापर्यंतचं काम उतरव, त्यापुढचं नको."

तिने मर्यादा वाढवली, प्रोग्राम नव्याने बनवून डबीत घातला आणि कंपनीच्या चाचणीची वाक्यं चालवली. 'कृपया मला एक ग्लास पाणी द्या.' डबी पटकन बोलली. मर्यादा दुप्पट केली. आणखी पटकन. मला हुरूप आला.

"चौपट कर!"

चौपट केली, आणि डबी पहिल्यापेक्षाही रेंगाळली.

"हे गं काय? खेपा कमी, आणि वेळ जास्त?"

चिमणी हसली. "प्रोग्राम फुगला. चिपच्या हाताशी एक चिमुकली, चपळ मेमरी असते. त्यात मावेल तेवढंच झटपट होतं. बाकीचं मागच्या संथ मेमरीतून उचलून आणावं लागतं."

म्हणजे ओट्यावर हाताशी मीठ असावं हे खरं, पण मीठ, मसाला, धान्य, शिवाय पाहुण्यांची भांडी, सगळंच ओट्यावर मांडलं तर पोळपाट ठेवायला जागा उरत नाही. मला हे इतकं पटलं, की अर्धा तास आम्ही दोघी मर्यादा वरखाली करत बसलो आणि ओट्यावर नेमकं किती मावतं ते शोधून काढलं. शेवटी हिरवं बटण दाबायचा अवकाश, की डबी बोलत होती.

"काका, या आता," चिमणीने डबी पुढे केली.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, नाखुशीने डबी घेतली, काहीतरी लिहिलं, बटण दाबलं. डबी विचारात पडली. पूर्वीइतकीच. मग म्हणाली, "दोघींनी मिळून सकाळ फुकट घालवली."

चिमणीने डबी हिसकावून घेतली. तिच्या हातात डबी झटपट. ह्यांच्या हातात दिली, तर पुन्हा रेंगाळली. तीच डबी, तोच प्रोग्राम! ह्यांनी 'बघितलंस?' अशी मान हलवली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या खणाकडे निघाले.

"थांबा हो," मी म्हटलं. "आणखी एकदा लिहा. काहीही लिहा. मला फक्त बघायचंय."

मी समोर बसून त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. लिहिलं, 'तुला काय'. थांबले. खोडलं. 'तुम्हा दोघींना'. अर्धं खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटचा शब्द खोडून त्या जागी दुसरा घातला, आणि मग हिरवं बटण. मला एकदम तो बाजार आठवला. समोरच्याची भुवई हलली की हे तोंडातला आकडा तोंडातच बदलायचे. आता ते तोंडातलं बदलणं बोटांत आलं होतं.

"चिमणे, ही तुमची चाचणीची वाक्यं कोण लिहितं? हाताने?"

"छे! एका फाइलमधून आपोआप जातात. अगं, त्याच फाइलवर प्रोग्राम चालवून कंपायलरला नमुना दाखवतो आम्ही. कुठल्या फंक्शनला किती हाका जातात ते तो टिपतो, आणि ज्याला जास्त हाका त्याला हाताशी ठेवतो."

"आणि फाइल कधी खोडते का?"

तिने लॅपटॉप झटकन पुन्हा स्वतःकडे ओढला.

फाइलला कधी पश्चात्ताप होत नाही. पाणी मागायचं ठरलं की ती पाणीच मागते. तेव्हा कंपायलरची समजूत झाली होती की या जगात कोणी काही खोडतच नाही. खोडल्यावर वाक्याचा उच्चार नव्याने जुळवायचं जे काम, ते त्याने पार मागच्या संथ मेमरीत, अडगळीत टाकून दिलं होतं. ह्यांच्या प्रत्येक टोमण्याला त्या अडगळीत जाऊन यावं लागत होतं.

"नवा नमुना हवा," चिमणी म्हणाली. "काकांच्या बोलण्याचा. फक्त, टिपणं चालू असताना डबी अजून हळू चालते."

हे ऐकून ह्यांनी मान आडवी हलवली आणि वर्तमानपत्र उघडलं. मी चिमणीला खुणेने टिपणं चालू करायला सांगितलं आणि डबी ह्यांच्या मांडीवर ठेवली.

"राहू दे गं त्यांना," मी म्हटलं. "खरं सांगू का, ते 'तीन' उशिरा म्हणायची करामत यांची नव्हेच. यांच्या आधी जो म्हातारा पुकारायचा ना, त्याची उचललेली."

वर्तमानपत्र खाली आलं. बोटं चालू झाली. लिहिलं, खोडलं, लिहिलं. डबी गोगलगाईसारखी. आम्ही दोघी वाट बघत बसलो. मग डबी म्हणाली, "त्याला दम लागायचा, म्हणून थांबायचा. मी मुद्दाम थांबायचो. फरक आहे."

"असेल बाई. आम्हाला खिडकीतून दोन्ही सारखंच ऐकू यायचं."

"खिडकीतून काय ऐकायचीस, मला ठाऊक आहे."

"आणि आवाज म्हणाल, तर डाळिंब्याचाच चांगला होता."

खोडायच्या बटणावर अंगठा असा पडला, की मला वाटलं बटण तुटतंय. "रेड्याला पडसं झाल्यासारखा आवाज त्याचा! आणि तू मध्ये बोलू नकोस, डबीला वेळ लागतो."

"मावशी, अजून भांड," चिमणी लॅपटॉपवरून डोळे न हलवता म्हणाली. "झकास नमुना येतोय."

"त्यात आमचं बोलणं उतरतंय का गं? भलतंसलतं काही..."

"शब्द नाही उतरत. फक्त कुठल्या कामाला किती हाका."

म्हणजे भांडण नव्हे, भांडणाचा सांगाडा. तेवढा द्यायला माझी हरकत नव्हती. जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही भांडत होतो. लग्नात नवीन बूट कोणाचे चावत होते इथपर्यंत मागे गेलो. किती तरी दिवसांनी घरात बोलणं चाललं होतं, आणि कोणाला घाई नव्हती.

चिमणीने तो नमुना कंपायलरला दिला. सरसकट मर्यादा तिने उलट खाली आणली, पण ज्या कामांना खरोखर हाका जात होत्या तेवढीच दारात उतरवू दिली. खोडायचं काम अडगळीतून उठून ओट्यावर आलं. नवा प्रोग्राम घातलेली डबी तिने ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी लिहिलं, खोडलं, लिहिलं, हिरवं बटण दाबलं, आणि बटणावरून बोट उचलायच्या आत डबी म्हणाली, "हं."

एवढंच. पण मग हे उठून चप्पल शोधायला लागले.

"अहो, आज शनिवार. उद्या जायचंय."

रविवारी आम्ही तिघं टपरीवर गेलो. चार-पाच म्हातारे बाकावर होते आणि मधोमध डाळिंब्या. ह्यांना बघून तो क्षणभर अवघडला. मग त्यानेच सुरुवात केली, जुन्या दोस्ताला शोभेल अशी. "या! ऐकलं, भाचीने नवा गळा बसवलाय म्हणे. गॅरंटी किती वर्षांची?"

बाकावरचे हसले आणि ह्यांच्याकडे वळले. मी ह्यांच्या खांद्यामागे उभी होते. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. वाक्य डबीच्या स्क्रीनवर पुरं झालेलं मला दिसत होतं. अंगठा हिरव्या बटणावर गेला.

डबी बोलली नाही.

डाळिंब्या वाट बघत होता. एकाने घसा खाकरून विषय बदलायला तोंड उघडलं. डाळिंब्याने कप उचलला, ओठांना लावला, एक घोट तोंडात घेतला, आणि डबी म्हणाली, "तुला मसणात पोचवून परत येईपर्यंत पुरेल."

चहा डाळिंब्याच्या नाकातून बाहेर आला. बाकावर एकच हलकल्लोळ झाला. डाळिंब्या खोकता खोकता ह्यांच्या पाठीत गुद्दे मारत होता आणि शर्ट पुसत म्हणत होता, "मेल्या, मेल्या, आलास का परत!"

चिमणी मात्र कावरीबावरी होऊन माझ्या कानाशी आली. "मावशी, उशीर झाला. काहीतरी राहिलंय अजून. रात्री बसून पुन्हा बघते."

मी ह्यांचा अंगठा पाहिला होता. बटणाच्या वर, केसभर अंतरावर, थांबलेला.

"हा उशीर डबीचा नाही," मी म्हटलं. "याला हात लावू नकोस."