भीमराज बरं म्हणाले होते

मिनलने टीव्ही बंद केला आणि रिमोट सरळ मांडीखाली घेऊन बसली. बातम्या मध्येच तुटल्या, तरी भीमराज काही बोलले नाहीत. कुणाच्या मध्ये बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"बाबा, कंपनीनं गृहपाठ दिलाय," ती त्यांच्याकडे बघत म्हणाली. "मी बोलणार, तुम्ही ऐकायचं. मग मी काय बोलले ते तुमच्या शब्दांत मला सांगायचं."

भीमराजांनी मान हलवली.

मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. तिथे सध्या ट्रेनिंग चाललं होतं, चारचौघांत बोलावं कसं आणि समोरच्याचं ऐकावं कसं याचं. बोलणाऱ्याने डोळ्यांत बघून सावकाश बोलावं. ऐकणाऱ्याने मध्ये तोंड घालू नये, मान हलवत राहावं. तुमच्या घरात सगळ्यात चांगलं कोण ऐकतं, असं ट्रेनर मॅडमनी विचारलं, तेव्हा मिनलने एका दमात सांगून टाकलं होतं, "माझे बाबा."

खोटं नव्हतंच ते. जानेवारीत तिने त्यांना निरंजनबद्दल सांगितलं होतं. तो माण गावचा आहे, आपल्या समाजातला नाही, पण लग्न करीन तर त्याच्याशीच. जीव मुठीत धरून, फरशीकडे बघत ती बोलली होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही, आणि शेवटी म्हणाले, "बरं." ना आरडाओरडा, ना रुसवाफुगवा. त्या एवढ्याशा 'बरं'वर पोरगी इतके महिने हवेत होती. आता रविवारी निरंजनच्या घरचे कासारवाडीला यायचे होते. म्हणून गृहपाठाला तिने हाच विषय घेतला, म्हणजे बाबांची उजळणीही होऊन जाईल.

डोळ्यांत बघून बोलायचं ठरवलं होतं, पण लग्नाचा विषय निघाला आणि नजर खाली गेलीच. कोण कोण येणार, लग्न विहारात करायचं की रजिस्टर, निरंजनची आई अजून कशी धुसफुसतेय, सगळं तिने सांगितलं. वर पाहिलं तर बाबांची मान हलत होती.

"आता सांगा, मी काय म्हणाले?"

"बरोबर हाय तुझं."

"काय बरोबर आहे?"

"तेच की. कंपनीचं."

मिनलला काही उमजेना. बाबा चेष्टा करताहेत म्हणावं, तर चेहरा अगदी साधा. मनातून नको असेल म्हणून विषय टाळताहेत म्हणावं, तर मग जानेवारीत बरं कशाला म्हणाले? ती उठून स्वयंपाकघरात गेली. कस्तुरा मेथी निवडत बसली होती.

"आई, बाबा असं काय करताहेत? मी रविवारचं सगळं सांगितलं आणि ते भलतंच बोलताहेत."

"खाली बघून बोलली असशील."

"म्हणजे?"

"अगं, सारी नोकरी प्रेस शॉपला केली त्यांनी, पत्रे ठोकायच्या मशिनींवर. त्या दणदणाटात कुणाचं कुणाला ऐकू येतंय? सायेब येऊन काही बोलला की तोंडाकडं बघून अंदाज घ्यायचा आन मान हलवायची. सगळीच तशी. पुढं कान गेले, मान ऱ्हायली." कस्तुराने आवाज उगाचच खाली आणला. "तोंड दिसलं की कळतं त्यांना. पण हे कुणाला कळलेलं चालत न्हाई. तू पण बोलू नको."

"मग जानेवारीत…"

कस्तुराचे हात थांबले. "तू म्हणालीस, बरं म्हणाले. मलाबी नवलच वाटलं व्हतं. मग मीबी पुन्यांदा विषय काढला न्हाई."

इतके महिने ज्या होकारावर ती निर्धास्त होती, तो कुणी दिलेलाच नव्हता. आणि पाहुणे तर यायचे ठरले होते.

ती परत बाहेर आली. बाबांच्या पुढ्यात स्टूल ओढून ट्यूबलाइटच्या उजेडात बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाली, "बाबा, मला निरंजनशी लग्न करायचंय. तो आपल्या समाजातला नाही. रविवारी त्याच्या घरचे येणार आहेत."

या वेळी मान हलली नाही. तिचं बोलून झालं तरी भीमराज तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"निरंजन," ते म्हणाले. "आपल्यातला न्हाई. रविवारी त्याच्या घरचे."

गृहपाठ पूर्ण झाला होता. मिनलला रडू येत होतं.

"हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं, बाबा. जानेवारीत."

भीमराजांचा हात कानाकडे गेला आणि मध्येच वळून केसांवरून फिरला.

"मग मी काय म्हणालो?"

तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं. पण ते डोळ्यांत बघून म्हणवेना, आणि खाली बघून म्हणून उपयोग नव्हता.

"बरं म्हणालात."

तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं, असंही वाटलं.

"म्हणालो आसंन," शेवटी ते म्हणाले. "म्हणालो तर म्हणालो. शब्द फिरवायची सवय न्हाई मला."

आनंद व्हायला हवा होता. हा होकार त्यांनी दिला, की आपण काढून घेतला, हेच तिला ठरवता येईना.

"आन त्या पोराला सांगून ठेव," भीमराज म्हणाले. त्यांचा आवाज एकदम करडा झाला होता. "माझ्याशी बोलायचं तर समोर बसून, वर बघून बोलायचं. खाली मुंडी घालून बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत न्हाई."