कालिनाची निवड

कालिनाच्या इवल्याशा नखांत निळा खडू दिसला आणि नेवेनाच्या डोक्यात किडा वळवळू लागला. कापडावर खुणा करायचा खडू! म्हणजे नात सांभाळायच्या नावाखाली सासूबाई दिवसभर तिला शिवणाचं सामान खेळायला देत होत्या.

बल्गेरियातल्या गाब्रोवो गावात मूल चालायला लागलं की गोल पाव भाजतात आणि पांढऱ्या कापडावरून घरंगळत सोडतात. मूल त्याच्यामागे चालत टेबलापाशी येतं, तिथलं जे उचलेल तो त्याचा पुढचा धंदा. सगळे हसतात, पण जन्मभर विसरत नाहीत. नेवेनानं कात्री उचलली होती. घरात कात्र्याच कात्र्या, दुसरं काय उचलणार होती बिचारी? पुढे डॉक्टर व्हायचं म्हणाली, तर वडील म्हणाले, "कात्री तूच उचललीस ना?" झालं, शिवणाचा कारखाना नशिबी आला.

लेकीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून महिनाभर ती रोज संध्याकाळी दार लावून लेकीला खराखुरा स्टेथोस्कोप खेळायला देत होती. चोराच्या मनात चांदणं, ते असं.

रविवारी पाहुणे जमले. टेबलावर कात्री, पुस्तक, पळी, मापाची टेप, स्टेथोस्कोप.

"आई, टेप इतकी पुढे कशाला?"

"बरं बाई, मागे ठेव," स्तोयना सासूबाई म्हणाल्या. इतक्या मुकाट्यानं? नेवेनाला जास्तच संशय आला.

पाव घरंगळला. कालिना डुलत डुलत आली, तिनं थेट स्टेथोस्कोप उचलला आणि आजीच्या छातीला लावला.

"अगं बाई!" शेजारीण ओरडली. "न शिकवता कळलं पोरीला!"

सासूबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. नेवेनाचा चेहरा लालबुंद झाला. "आणि हिच्या नखांत खडू कुठून येतो, तेही सांगा की!"

सासूबाईंनी तिला मागच्या अंगणात नेलं. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत फरशीवर निळी रेघ होती.

"या रेघेवर चालायला शिकवलं तिला. कात्र्या, टेपा सगळं महिनाभर कुलपात होतं, आज टेबलासाठीच काढलं. तुझ्यासारखं व्हायला नको, म्हणून."

नेवेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत टाळ्या वाजत होत्या. लेकीनं आपल्या मनानं काय उचललं असतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.