पान एक्केचाळीसवरचा शब्द

मित्रांनो, माझी पाठ सुतळीने शिवलेली आहे आणि शेवटची काही पानं उंदरांनी नेली आहेत, तेव्हा माझ्या अवतारावर जाऊ नका. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, किन्हीराजा गावातल्या संघदीपच्या घरचा.

माझे मालक देवमन, संघदीपचे वडील. मालेगावला तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. इंग्रजी शब्द अडला, की थुंकी लावून माझं पान उलटत. तेवढी एक खोड सोडली तर माणूस सोन्यासारखा! लोक म्हणत, "देवमनचा अर्ज वापस येत नाही." ते ऐकून मीही फुगून बसे.

साऱ्या गावाच्या विनंत्या लिहिणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र मागायला बंदी होती. त्यांच्या आईने दारोदार शिळ्या भाकरी मागितल्या होत्या. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी तिने भाकरीची टोपली चुलीत घातली आणि लेकाला सांगितलं, "आता कोनापुढं हात पसराचा नाही."

हा नियम संघदीपने आणखी घट्ट धरला. शेजारून विरजणसुद्धा आणायचं नाही! त्याची लेक रूपा त्याच नियमात वाढली. चप्पल तुटली तर ती खिळा मारून घाली, पण तोंड उघडत नसे. संघदीप कौतुकाने सांगे, "माह्या पोरीले कायीच लागत नाही."

देवमन गेले आणि मी शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली गेलो. टेकू म्हणून! फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

यंदा रूपा बारावी झाली. तिला अमरावतीला नर्सिंग शिकायचं होतं. फॉर्मवर वडिलांची सही हवी होती आणि शनिवार शेवटचा दिवस. शुक्रवारच्या दुपारीही फॉर्म तिच्या दप्तरातच होता. फॉर्ममधला एक इंग्रजी शब्द पाहायला तिने मला मशीनखालून ओढलं, तर मी आपोआप पान एक्केचाळीसवर उघडलो. देवमनच्या बोटांनी मला ती सवयच लावली होती.

तिथे 'आस्क' हा शब्द होता. अर्थ छापले होते: विचारणे, मागणे, आमंत्रण देणे. शेजारी देवमनचं पेन्सिलीतलं अक्षर होतं: 'मंगरूळच्या इंग्रजीच्या सरांनी सांगितले. फार जुना अर्थ शोधणे, इच्छिणे. आपल्या इच्छा या शब्दाचे लांबचे भावंड.'

रूपा त्या ओळीवरच थांबली.

"काय पाहून राह्यली वं?" तिची आजी, देवमनची बायको केशरबाई, म्हणाली.

रूपाने वाचून दाखवलं. मग हळूच फॉर्मचंही सांगितलं. "पन आपल्या घरी मागत नाहीत ना, आजी."

केशरबाईने कपाळावर हात मारला. "अवं, ते परक्यापुढं! तुहे आबा माह्याजवळ रोज दोनदा चहा मागत, ते काय होतं मंग? मनातलं बापाले नाही सांगशीन, त कोनाले सांगशीन?"

संध्याकाळी संघदीप वावरातून आला. रूपा फॉर्म आणि मला घेऊन अंगणात त्याच्यापुढे आली. "बाबा, मले नर्सिंगले जाचं हाये. तुमची सही पाह्यजे."

"उद्या तारीख, अन् आज सांगून राह्यली? काहून?"

"आपल्या घरी मागत नाहीत ना," रूपा म्हणाली. संघदीपची नजर तिच्या खिळा मारलेल्या चपलेवर गेली आणि त्याचे डोळे भरून आले. "मले वाटे, तुले कायीच लागत नाही," तो म्हणाला. त्याने मला मांडीवर घेतलं, माझ्या पाठीवर फॉर्म ठेवला आणि सही केली. त्या पेनाचा वळ माझ्या पुठ्ठ्यावर अजून आहे.

"अजून काय पाह्यजे? बोल."

"हे पुस्तक," रूपा म्हणाली.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना टेकू करू नका, ती दुखावतात. आणि मनातली इच्छा आपल्या माणसांपासून लपवू नका. मागण्याचे अर्थ मी जन्मभर इतरांना सांगितले, पण मला कुणी मागून घेतलं ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा. आता मी अमरावतीला रूपाच्या उशाशी असतो.