बोलकं वेळापत्रक

दर्जा ठरवणारी कमिटी येणार म्हटल्यावर गोखिवऱ्याच्या त्या कॉलेजनं जी धावपळ केली, ती मुलगी बघायला पाहुणे येणाऱ्या घरातसुद्धा कुणी करत नसेल. भिंतींना रंग लागला. तीन वर्षं कोमट पाणी देणारा कूलर अचानक थंड पाणी द्यायला लागला. जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या शेजारी संसार थाटलेल्या समान संधी कक्षाला तळमजल्यावर ऐसपैस खोली, नवी पाटी आणि दोन कुंड्या मिळाल्या. कुंड्या भाड्याच्या आहेत हे हेमांगीला माहीत होतं. तरी ती खूश होती. सहा वर्षं हा कक्ष तिनं एकटीनं ओढला होता, तोही तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता, दर जूनला नव्यानं अर्ज करत. आता जाता जाता कुणी पाठीवर हात ठेवणार असेल, तर तिनं नको का म्हणावं?

कक्षाचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ‘बोलकं वेळापत्रक’. कॉलेजात न दिसणारी नऊ मुलं होती. त्यांच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय होती, पण परीक्षेचं वेळापत्रक यायचं ते स्कॅन केलेल्या वाकड्या कागदाचा फोटो होऊन. फोटो त्या बिचाऱ्या मोबाइलला काय वाचता येणार? हेमांगीनं दोन वर्षं अर्ज केले, वेळापत्रक टाइप करून पाठवा म्हणून. अर्जांना पोच मिळाली, वेळापत्रक काही मिळालं नाही. शेवटी वैतागून तिनं स्वतःच वाचायला सुरुवात केली. प्रत्येक परीक्षेआधी ती नऊ जणांच्या ग्रुपवर आवाज पाठवायची. तारीख, वेळ, खोली, कुणाचा लेखनिक कोण आणि तो गेटवर किती वाजता भेटेल, सगळं नावानिशी. मुलं ऐकायची, अंगठा पाठवायची आणि निर्धास्त व्हायची.

वीस एप्रिलच्या सोमवारी, सकाळी पावणेअकराला, ती सभागृहात माइकसमोर उभी होती. समोर कमिटीचे तिघे, बाजूला प्राचार्य हरिश्चंद्र सर, मागच्या रांगेत बिल्ले लावलेले स्वयंसेवक. तिनं पडद्यावर फोटो दाखवले आणि म्हणाली, “आता नमुना म्हणून परवाचंच ऐकवते.”

स्पीकरमधून तिचाच आवाज आला. “उरलेल्या पेपरांचं सांगते. सोमवार, वीस एप्रिल, दुपारी अडीच वाजता, तृतीय वर्ष, अर्थशास्त्र. विघ्नेश, तुझी खोली चार नंबर. तुझी लेखनिक उन्नती दोन वाजता गेटवर असेल. जेवून ये रे बाबा, गेल्या वेळेसारखं उपाशी नको.”

कमिटीचे अध्यक्ष हसले. हरिश्चंद्र सर हसले. हेमांगीही हसत होती आणि हसता हसता तिची नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या इमारतीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून दप्तरांची रांग लागली होती. पेपर चालू असला की दप्तरं बाहेर ठेवायचा नियम. अडीचच्या पेपरची दप्तरं पावणेअकराला कशाला?

मग तिला शुक्रवार आठवला. संध्याकाळी साडेपाचला आलेलं परिपत्रक आठवलं. उन्हाळा फार कडक, म्हणून विद्यापीठानं दुपारचे सगळे पेपर सकाळी साडेदहाला ठेवले होते. ते परिपत्रक तिनं हातात घेतलं होतं, नंतर बघू म्हणाली होती आणि कमिटीसाठी पुराव्यांच्या सात फाइली लावता लावता एका फाइलीखाली सरकवलं होतं. शनिवारी तिनं वाचलं ते जुनं वेळापत्रक, भिंतीवर टाचलेलं.

तिनं माइक खाली ठेवला. सोमवारी त्या नऊ जणांपैकी एकट्या विघ्नेशचा पेपर होता. त्यातला त्यात बरं, असं कुणी म्हणेल, पण विघ्नेशच्या हातात बँकेच्या नोकरीचं पत्र होतं. दिव्यांग कोट्यातली एक जागा आणि अट एकच, तीस जूनच्या आत पदवीची गुणपत्रिका. हा विषय राहिला की फेरपरीक्षा नोव्हेंबरात, आणि नोव्हेंबरात त्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी बसलेला असणार.

“एक्सक्यूज मी,” एवढंच ती बोलली आणि मंचावरून उतरली. मागच्या रांगेतून तिनं उन्नतीला मनगटाला धरून उठवलं. उन्नती पहिल्या वर्षाची, हुशार पोरगी. मॅडमचा चेहरा बघून तिनं विचारलंसुद्धा नाही. दाराबाहेर शिपाई बळीराम उभा होता.

“मॅडम, परीक्षा विभागानं चिठ्ठी दिलीय. कधीचा उभा हाय. कमिटी आत हाय तवर कुनाला सोडू नको, असं सायबांनी सांगितलं.”

चिठ्ठीत एकच ओळ होती, सुनंदाताईंच्या अक्षरात. विघ्नेश आला नाही, कुठे आहे?

हेमांगीनं फोन लावला. दहा वाजून एकोणपन्नास मिनिटं. उशिरा येणाऱ्याला अकरापर्यंत आत घेतात, पुढे नाही.

“हां मॅडम, बोला ना.” पलीकडे पंखा घरघरत होता. “अभ्यास चालूय. आई कारखान्यात गेली, जेवण काढून ठेवलंय तिनं. आज उपाशी नाय येणार, टेन्शन नका घेऊ.”

“विघ्नेश, पेपर सुरू झालाय.”

“कोणता?”

“तुझा. साडेदहाला सुरू झाला. मी वेळ चुकीची सांगितली रे. जसा आहेस तसा नीघ, रिक्षा कर, फक्त नीघ.”

“मस्करी करताय ना मॅडम?” तो म्हणाला. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

विघ्नेशच्या तुळिंजहून गोखिवरे. रस्ता मोकळा असला तरी वीस मिनिटं, आणि तिथला रस्ता मोकळा कधी असतो? हेमांगीला हिशेब येत होता. तरी ती धावत चार नंबरच्या खोलीत गेली. एक टेबल, दोन खुर्च्या, कोरी उत्तरपत्रिका, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा. परीक्षा विभागाच्या प्रमुख सुनंदाताई दारातच भेटल्या. वसईच्या बागायती वाडीवाल्या घरातल्या, मनानं मऊ, पण नियमाला पक्क्या.

“ताई, तो येतोय. थोडा उशीर होईल. माझी चूक आहे, त्याची नाही.”

“अकरापर्यंत येतोय का सांग.”

“त्याला तासामागं वीस मिनिटं जास्तीची असतात ना? त्यातून कापा. त्याचा एक तास त्याच्याचजवळ आहे, ताई.”

“ती वेळ शेवटी द्यायची असते, सुरुवातीला नाही. अकराला मला हजेरी विद्यापीठाला पाठवावी लागते, हेमांगी. प्रवेशाचा नियम सगळ्यांना सारखाच आहे.”

सारखाच! हा शब्द हेमांगीनं सहा वर्षांत किती भाषणांत वापरला असेल. आज तो ऐकून तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, गेटवर जाऊन उभी राहिली. शेजारी उन्नती, हातात दोन पेनं आणि पाण्याची बाटली.

अकराची घंटा झाली. उन्नती रडायला लागली. हेमांगी येणारी प्रत्येक रिक्षा बघत राहिली. नियम धरून बसलेल्या सुनंदाताईंना शेवटच्या क्षणी पाझर फुटेल, विद्यापीठाचं संकेतस्थळ बंद पडेल, काहीतरी होईल, असं तिला वाटत होतं. उन्हात डोळ्यांसमोर अंधारी येत होती, तरी ती सावलीत गेली नाही.

अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी विघ्नेश उतरला. या पोराचा शर्ट कधी चुरगळलेला दिसायचा नाही. कुणी बोट दाखवू नये म्हणून तो बटणं दोनदा चाचपायचा. आज बटणं खालीवर लागली होती, कपाळाला खरचटलं होतं. “झाला का उशीर?” त्यानं विचारलं, आणि उन्नतीचं मुसमुसणं ऐकू आलं तेव्हा त्याला कळलं. तो तिथंच, गेटच्या कठड्यावर बसला.

सुनंदाताई आल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांचेही डोळे भरले होते, पण खोली चार नंबरला कुलूप लागलं होतं. हेमांगी अक्षरशः हात जोडून उभी राहिली. बाकी पोरांनी पेपर सोडवत सोडवत खिडकीतून पाहिलं असेल तर पाहू दे. काही उपयोग झाला नाही.

चहाच्या सुट्टीत हरिश्चंद्र सर धावतपळत खाली आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना त्या दिवशी कमिटीशिवाय काही दिसत नव्हतं.

“मॅडम, तुम्ही भाषण सोडून गेलात, ते मी तब्येतीवर ढकललं. आता हे ऐका. विघ्नेशनं अर्ज द्यायचा, मी आजारी होतो म्हणून. नोव्हेंबरात पेपर देईल. कॉलेजची चूक कागदावर आली की दर्जा गेला. दर्जा गेला की पहिला हा कक्ष जाईल, मग बाकीच्या आठ जणांना कोण वाचून दाखवणार? तूच सांग, विघ्नेश.”

“सर, त्याची नोकरी जाईल,” हेमांगी म्हणाली. “चूक आमची असं लिहिलं, तर विद्यापीठाकडे खास परीक्षा मागता येईल.”

“मागता येईल. मिळेल का? हमी देता?”

हमी कुठून देणार ती? तिनं पुढे वाद घातला नाही, आणि ते तिला बरेच दिवस डाचत राहिलं. विघ्नेशनं मात्र मान वर केली.

“उन्नती, कागद आहे का गं?”

नव्या खोलीत, त्या भाड्याच्या कुंड्यांच्या मध्ये, उन्नती लिहायला बसली. पेपर लिहायला आलेली पोरगी, तिच्याकडून त्या दिवशी लिहून झाला तो हा अर्ज. विघ्नेश नेहमीसारखा एकेक वाक्य सांगत होता, स्वल्पविरामासकट. “मी, स्वल्पविराम, वीस एप्रिल रोजी अचानक ताप आल्यामुळे...” उन्नतीचं नाक गळत होतं, अक्षर मात्र वळणदार. मग तिनं सहीच्या जागेवर पुठ्ठ्याची खिडकी ठेवली. ती खिडकी हेमांगीनंच कापून दिली होती, दोन वर्षांपूर्वी, अंगठा सोडून सही करायला शिकवताना. त्या दिवशी त्यानं पहिली सही आईला नेऊन दाखवली होती. आज तीच सही त्यानं खोट्याखाली, जराही न हलता, खिडकीच्या आत केली.

तेवढ्यात कमिटी आत आली. कक्ष बघायचा कार्यक्रमच होता. हरिश्चंद्र सरांनी पटकन अर्ज उचलून पाठीमागे धरला.

“हा आमचा विद्यार्थी, विघ्नेश. तृतीय वर्ष.”

“अरे वा,” अध्यक्ष म्हणाले. “मघाशी त्या रेकॉर्डिंगमध्ये ज्याला जेवून ये म्हणाल्या, तोच का? काय, होतो का फायदा बोलक्या वेळापत्रकाचा?”

“होतो ना सर,” विघ्नेश म्हणाला. त्याचा आवाज कापला नाही. “मॅडमनी सांगितलं की मी दुसऱ्या कुणाला विचारतच नाय.”

हेमांगीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. जमीन कसली दुभंगते, तिच्यावर आठवड्यापूर्वीच नव्या लाद्या बसवल्या होत्या. मग तिलाच तोंड उघडावं लागलं.

“त्याचा पेपर सकाळी साडेदहाला होता, सर. मी अडीच सांगितलं. तुम्ही ऐकलंत ते रेकॉर्डिंग चुकीचं आहे. तो ऐकून घरी बसला आणि त्याचा पेपर बुडाला. त्याला ताप नव्हता. प्राचार्यांच्या हातात अर्ज आहे, तो खोटा आहे.”

हरिश्चंद्र सरांचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मॅडम, कक्ष बंद होईल ना,” विघ्नेश पुटपुटला.

“होऊ दे. उन्नती, दुसरा कागद घे. नको, राहू दे. हा मी लिहिते.”

तिनं उभ्याउभ्याच लिहिलं. चूक माझी, परिपत्रक माझ्याकडे होतं, विद्यार्थ्याला वेळेची माहिती मिळण्याचा दुसरा मार्ग कॉलेजनं ठेवलेला नाही, खास परीक्षा घ्यावी ही विनंती. पुरावा म्हणून रेकॉर्डिंग जोडलं. दुपारी ती स्वतः विद्यापीठात गेली. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, “कळवू.” कधी कळवणार, विचारल्यावर त्यांनी पुढच्याचा कागद घेतला.

संध्याकाळी ती परतली तेव्हा टेम्पोवाला कुंड्या घेऊन चालला होता. तिच्या जूनच्या अर्जाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि तेवढ्यावरूनच तिला काय ते कळलं. विघ्नेशच्या आईचा फोन आला. कारखान्यात मोती ओवून ओवून बोटं सोललेली बाई. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मॅडम, तो म्हणतो तुमची चूक नाय. मग कोणाची ते तरी सांगा.” हेमांगीनं सांगितलं.

बुधवारी पुढचा पेपर होता. मंगळवारी चार वाजता हेमांगी परिपत्रक समोर ठेवून बसली. वेळ तीनदा वाचली, सुनंदाताईंना फोन करून चौथ्यांदा विचारली, मग रेकॉर्ड केलं. “बुधवार, बावीस एप्रिल, सकाळी साडेदहा. विघ्नेश, खोली चार. उन्नती दहाला गेटवर असेल.” जेवून ये, असं म्हणायला ती या वेळी धजावली नाही.

एरवी दोन मिनिटांत नऊ अंगठे यायचे. आज ग्रुप शांत होता. नऊच्या नऊ जणांनी ऐकलं होतं, हे फोनवर दिसत होतं. पाच मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. ती फोन हातात धरून बसून राहिली.

मग विघ्नेशचा आवाज आला. मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट होता.

“मॅडम, ऐकलं. उन्नतीला कॉलेजात पाठवून बोर्डावर बघून घेतलं. साडेदहाच आहे. बरोबर आहे तुमचं.”

त्यानंतर एकेक करत आठ अंगठे आले.